कोटिंगवाला चाकू घरी सोलून नव्यानं फिनिश करायचाय. कुणी केलंय का?

रानवाटा

नमस्कार मंडळी. ट्रेकच्या ग्रुपमधल्या मित्राकडून के-बार कंपनीचा बेकर बीके-२ चाकू घेतला. फिक्स्ड ब्लेड, पातं सव्वापाच इंच, पाठ पाव इंच जाड, पोलाद १०९५ क्रो-व्हॅन. म्हणजे कार्बन स्टील, स्टेनलेस नव्हे. धार शाबूत आहे, मूठ उत्तम आहे. गाडं अडलंय वरच्या काळ्या कोटिंगवर. लाकडं फोडून दोन्ही बाजूंनी पट्टे पडलेत, मधूनच पोलाद उघडं, मधूनच काळं. आणि त्या खरखरीत थराला कांद्याची फोड अशी काही धरून बसते की नखानं काढावी लागते.

तेव्हा सगळं कोटिंग काढून खालचं पोलाद नीट करावं म्हणतोय. कशानं काढायचं? अँगल ग्राइंडर भाड्यानं मिळतो, तो चालेल का? काढल्यावर पावसाळ्यात गंजणार हे उघड आहे, त्यावर काय करता? कोथरूडला फ्लॅट आहे, बाल्कनी आहे, वर्कशॉप नाही. सामान पुण्यात कुठं मिळेल तेही सांगा.

पेठकर

कंपनीनं गंजू नये म्हणून कोटिंग दिलं, ते तुम्ही काढणार, आणि मग गंजू नये म्हणून काय करू ते आम्हाला विचारणार. चालू द्या. खुर्ची ओढून बसलोय.

भट्टीवाला

भोसरीत हीट ट्रीटमेंटच्या कामात आहे, म्हणून ग्राइंडरचं उत्तर आधी देतो. नको.

१०९५ मध्ये कार्बन साधारण ०.९ ते १ टक्का. आठशे अंशांच्या आसपास तापवून तेलात विझवलं की ते कमालीचं कठीण होतं, पण इतकं ठिसूळ की हातातून पडलं तरी तडकेल. म्हणून मग दोनशे-अडीचशे अंशांना टेंपर करतात, थोडी कठीणता देऊन चिवटपणा घेतात. यापुढं पात्याचा जो भाग त्या टेंपरच्या वर तापेल तो मऊ पडणार, आणि थंड झाल्यावर पहिल्यासारखा होणार नाही. अँगल ग्राइंडर ११ हजार आरपीएमच्या घरात फिरतो. धारेजवळ पोलाद पातळ, उष्णता जायला जागाच नाही. फ्लॅप डिस्क, म्हणजे त्याची घासायची चकती, जरा रेंगाळली की आधी गवती पिवळा रंग येतो, तो सव्वादोनशेच्या आसपास. मग जांभळा, मग निळा. निळा म्हणजे तीनशे. गंमत अशी की तो निळा डाग पॉलिश पेपरनं सहज निघतो आणि माणसाला वाटतं निभावलं. डाग वरचा होता, मऊ पडलेली धार तशीच राहते. हीट गन आणि ब्लो टॉर्चलाही हेच लागू.

आता कोटिंग. बीके-२ वर इपॉक्सी पावडर कोट असतो. पण सगळ्या काळ्या चाकूंवर तोच नसतो, म्हणून पुढं वाचणाऱ्यांसाठी: मुठीचे स्क्रू काढा आणि आत झाकलेल्या भागावर बघा. जाड, दाणेदार, नख लावलं तर प्लॅस्टिक जाणवतं, तो पावडर कोट. पातळ आहे, खालच्या घासकामाच्या रेघा दिसतात, तर ब्लॅक ऑक्साइड (रसायनानं काळं केलेलं पोलाद) किंवा पीव्हीडी-डीएलसी (हिऱ्यासारखा कठीण कार्बनचा थर). व्हिनेगरचा थेंब ठेवा. थोड्या वेळात डाग फिका पडला तर ऑक्साइड किंवा फॉस्फेट. काहीच झालं नाही तर डीएलसी असण्याची शक्यता जास्त, आणि मग हा उद्योग सोडून द्या. डीएलसी सॉल्व्हंटला दाद देत नाही आणि कठीण इतकी की पॉलिश पेपरचे कणच बोथट होतात.

खवचट_काका

एवढं सगळं कशाला? भोसरी-चाकणला गल्लोगल्ली पावडर कोटिंगवाले आहेत. जुनं काढून नवं मारून देतील, रंगसुद्धा निवडता येईल. मिलिटरी हिरवा घ्या, शोभेल.

भट्टीवाला

काका, रंग मारायला हरकत नाही. पावडर कोटची भट्टी १८०-२०० अंशांची, पंधरा-वीस मिनिटांची. टेंपर त्याच्या वरचा असतो, म्हणून तर कारखान्यातही पातं कडक केल्यावरच पावडर मारतात. घोळ होतो जुनं काढताना. या कोटिंगवाल्यांकडं वस्तू टांगायचे हुक आणि जिग साफ करायची बर्न-ऑफ भट्टी असते, ती साधारण चारशे अंशांची. त्यांना लोखंडाचा एक तुकडा दिसतो, चाकू दिसत नाही. हुकांबरोबर लटकवला की कोटिंगही गेलं आणि धारही गेली. वर नवा हिरवा रंग मारलेला असल्यामुळं कळणारही नाही, लाकडावर धार मुडपली की मगच कळेल. द्यायचाच असेल तर ‘जाळून नाही काढायचं’ हे तोंडी न सांगता चलनावर लिहून घ्या.

सँडब्लास्ट, म्हणजे वाळूचा मारा, करून घेणारेही असतात. कोटिंग झटक्यात जातं, पण पृष्ठभाग इतका खडबडीत होतो की ओल धरून गुळगुळीत पोलादाच्या आधी गंजतो. त्यावर लगेच काही मारायचं असेल तरच ब्लास्ट करा.

रानवाटा

नवं कोटिंग नकोच आहे, उघडं पोलादच हवंय. मग घरी रिमूव्हरनं? हार्डवेअरच्या दुकानात विचारलं तर त्यानं थिनर पुढं केला.

परीक्षानळी

थिनर परत करा. पावडर कोट भट्टीत पिकवताना त्याच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात, त्यामुळं साध्या थिनरमध्ये तो विरघळत नाही. फार तर थोडा मऊ पडेल. तुम्हाला पेंट रिमूव्हर हवाय, जेलसारखा दाट. पण डबा उचलायच्या आधी मागचं लेबल वाचा. मिथिलीन क्लोराइड किंवा डायक्लोरोमिथेन लिहिलं असेल तर पुढचं नीट वाचा. आयुष्यभर प्रयोगशाळेत मुलांवर ओरडण्यात गेलंय, त्यामुळं सूर तसा लागला तर चालवून घ्या.

हे द्रव्य ४० अंशांना उकळतं. पुण्याच्या एप्रिलमधल्या दुपारी त्याची वाफ व्हायला वेळ लागत नाही. वाफ हवेच्या जवळपास तिप्पट जड, ती खाली साचते. शरीरात गेल्यावर त्यातल्या काहीचा कार्बन मोनॉक्साइड होतो. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात बाथटबचा रंग काढणारे १३ कामगार याच द्रव्यानं मेल्याची नोंद आहे. सगळी हुशार, कामातली माणसं, पण न्हाणीघरात, दार लावून. २०१९ मध्ये तिथं घरगुती ग्राहकांना असा रिमूव्हर विकण्यावर बंदी आली. तेव्हा बाथरूममध्ये नाही, काचा ओढलेल्या बाल्कनीतही नाही. गच्चीवर, सकाळी किंवा संध्याकाळी, वाऱ्याकडं पाठ करून. धुळीचा कापडी मास्क किंवा एन-९५ वाफेला काहीही अडवत नाही, त्यावर विसंबू नका.

हातमोजे: निळे नायट्राइल डायक्लोरोमिथेनला काही मिनिटांतच आरपार सोडतात. घालायचेच तर एकावर एक दोन, आणि उडालं की लगेच बदला. जेल लांब दांड्याच्या स्वस्त ब्रशनं लावा, म्हणजे हात जवळ न्यायची वेळच येत नाही. डोळ्यांना गॉगल, चष्मा पुरत नाही. आणि थर्माकोलच्या डिशमध्ये ठेवू नका, डिशच विरघळेल. स्टीलचा जुना ट्रे घ्या. कुठला ते घरात विचारून.

हे द्रव्य नसलेलेही रिमूव्हर मिळतात. ते हळू चालतात, रात्रभर ठेवावे लागतात. माझं मत विचाराल तर तेच घ्या. तुमच्या चाकूला कसली घाई आहे?

पेठकर

शेवटच्या ओळीला +१.

सामानाचं सांगतो, कारण ते मला कळतं. रिमूव्हर, पॉलिश पेपर, सी-क्लॅम्प सगळं रविवार पेठेत बोहरी आळीत मिळेल. गाडी नेऊ नका. न्यायचीच असेल तर सोबत एक माणूस न्या, गाडीत बसायला. पॉलिश पेपर मागताना वॉटर पेपर म्हणा, म्हणजे ओला घासता येणारा काळा मिळेल. तपकिरी लाकडाचा देतील तो घेऊ नका, पाण्यात त्याचे कण सुटतात. पुढं पातं काळं करायला फेरिक क्लोराइडचं कुणीतरी काढेलच, ते बुधवारात तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत, सर्किट बोर्ड खोदायला लागतं म्हणून ठेवतात. शेजारी बसायला पाट लागला तर तुळशीबाग जवळच आहे.

हातघाशा

धागा वर आलाय म्हणून लिहितो. चाकू घासणं हा माझा छंद आहे, बायको त्याला दुसरं नाव देते.

कोटिंग काढणं हा या कामातला सोपा भाग. रिमूव्हर जाड लावायचा, वरून दुधाची पिशवी कापून गुंडाळायची म्हणजे वाळत नाही, आणि सोडून द्यायचं. खरा प्रश्न खाली काय निघतं हा आहे. लोकांना वाटतं काळ्या थराखाली आरशासारखं चकचकीत पातं दडलंय. तसं नसतं. कोटिंग मारायचं ठरलेलं असलं की कारखाना खालच्या फिनिशवर खर्च करत नाही. करड्या रंगाचं, आडव्या घासरेघांचं, ठिकठिकाणी खड्डे असलेलं पातं निघतं. त्यातच भट्टीत पृष्ठभागावरचा कार्बन जळून गेलेला एक पातळ मऊ थर असतो, त्याला डीकार्ब म्हणतात. तो पूर्ण काढला नाही तर पुढं ॲसिड किंवा व्हिनेगर लावल्यावर फिके ढग उमटतात. कितीही पॉलिश करा, ढग तसेच.

आता कृती, जशी मी करतो तशी.

आधी धार दगडावर उभी घासून मारून टाकायची. मुद्दाम. आपल्याला शेवटी नवी धार लावायचीच आहे, आणि धारदार पात्यावर तासन्‌तास पेपर फिरवायचा म्हणजे बोटांशी वैर. मग पातं एका सपाट फळीवर क्लॅम्पनं आवळायचं, फळी पात्यापेक्षा रुंद, धार फळीच्या बाहेर डोकावता कामा नये. टोकसुद्धा फळीवरच. मूठ काढलेली असली की मागच्या भोकांतून स्क्रू मारून फळीला बसवता येतं, बीके-२ ला ही सोय आयती आहे.

पेपर नुसत्या बोटांनी धरायचा नाही. बोटांखाली पोलाद लाटांसारखं घासलं जातं आणि कडा गोल होतात. लाकडाचा किंवा जाड ॲक्रिलिकचा ठोकळा घ्यायचा, त्यावर पेपर ताणून. सुरुवात १२० नंबरच्या पेपरनं, नंबर वाढेल तसा पेपर बारीक. रिमूव्हरचा अंश धुऊन पातं पूर्ण कोरडं झाल्यावरच. १२० नं सगळ्या रेघा आडव्या घ्यायच्या, धारेकडून पाठीकडं. कारखान्याच्या जुन्या रेघांशी थोडा कोन ठेवा, म्हणजे जुन्या किती उरल्या ते दिसतं. सगळ्या गेल्या की २२० नं उभ्या, मुठीकडून टोकाकडं. आडवी एकही रेघ उरेपर्यंत पुढच्या नंबरला जायचं नाही. इथंच माणसाचा धीर सुटतो. २२० ला राहिलेली एक आडवी रेघ ६०० ला गेल्यावर दहापट उठून दिसते, आणि मग मागं जावं लागतं.

३२०, मग ४००. ओलाव्याला साबणाचं पाणी किंवा मशीनचं तेल, दोन्ही चालतं. पाण्यानं कराल तर मध्ये चहाला उठू नका, १०९५ तेवढ्यात पिवळं पडायला लागतं.

शेवटचा नंबर वेगळ्या पद्धतीनं. पुढं-मागं घासायचं नाही. नवा पेपर, एकच दिशा, मुठीपासून टोकाबाहेरपर्यंत एक लांब ओढ, मग पेपर उचलायचा, परत सुरुवातीला ठेवायचा. पुढं-मागं केलं की जिथं हात वळतो तिथं रेघेला गळासारखा आकडा पडतो. उजेडात पातं तिरकं धरलं की असे शेकडो बारीक आकडे चमकतात. एका दिशेनं ओढलेलं पातं मात्र अखंड दिसतं, प्रकाशाची एकच पट्टी त्यावरून सरकते. हे पाहिलंत की बाकीची मेहनत वसूल.

४०० वर थांबा. मी शपथेवर सांगतो, बीके-२ सारख्या लाकूडफोड्या चाकूला आरसा पॉलिश म्हणजे हौस आहे आणि पहिल्या फाटीवर ती संपते. ४०० ची साटिन, म्हणजे मंद चकाकी, पुन्हा घरी पाच मिनिटांत ताजी करता येते.

खवचट_काका

‘आडवी एकही रेघ उरेपर्यंत’ की ‘न उरेपर्यंत’? आम्ही शब्दशः पाळणारी माणसं.

हातघाशा

न उरेपर्यंत. काका, तुम्ही प्रूफं तपासत होतात का?

फोडणी

इतका वेळ वाचतेय आणि कुणी विळीचं नाव घेत नाही म्हणून लिहिते. आमच्याकडं अजून लोखंडी पात्याची विळी आहे. लोणच्याच्या कैऱ्या चिरायचे दिवस आले की पातं आधी जांभळट, मग निळसर करडं, मग काळपट होतं. तसं काळं झालेलं पातं पावसात लाल गंज सहजी धरत नाही. सासूबाई ते घासून पांढरं करू देत नाहीत. तुम्ही चाकूवाले ज्याला पॅटिना म्हणता ते हेच ना?

परीक्षानळी

हेच. कैरीतलं आम्ल पोलादावर पातळ, घट्ट, काळसर थर बनवतं. लाल गंज फुगीर, सच्छिद्र असतो, पाणी धरून ठेवतो आणि खाली खात जातो. काळा थर तसा नाही. पण तो कवच नव्हे, फक्त वेग कमी करतो. वर तेल लागतंच.

आंबट काहीही चालेल, एक अट: मीठ नको. क्लोराइडनं पोलादात टाचणीएवढे खड्डे पडतात. म्हणजे चिंचेचा नुसता कोळ चालेल, कोकमाचं आगळ चालणार नाही कारण त्यात मीठ असतं. लोणच्याचा खारही नाही. साधं व्हिनेगर किंचित कोमट करून कापडानं लावलं तर रंग सारखा येतो. कैऱ्या चिरून येणारा रंग ढगाळ येतो, तो मला जास्त आवडतो, पण ही आवडीची बाब. आधी ॲसिटोननं पातं पुसा आणि नंतर बोट लावू नका. बोटाच्या तेलाचा ठसा रंगात कायमचा उमटतो. पातं व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून विसरू नका, तासाभरात काय होतंय ते बघा. शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून धुवा.

हातघाशा

मला गडद हवं असेल तर फेरिक क्लोराइड वापरतो. पेठकरांनी म्हटल्याप्रमाणं तपकीर गल्ली. खडे मिळाले तर पाण्यात खडे टाकायचे, थोडे थोडे, पाणी तापतं. प्लॅस्टिकचं उभं भांडं, ॲल्युमिनियम चुकूनही नाही. द्रावण विरळ ठेवा, पातं मधूनमधून बाहेर काढून बघा. काळी काजळी धरते ती ओल्या कापडानं पुसायची, सोड्याच्या पाण्यात बुडवायचं, आणि मग पातं साध्या पाण्यात उकळायचं. उकळल्यावर जो काही तांबूस अंश असतो तो काळा होतो. फरशीवर थेंब सांडला तर पिवळा डाग घर विकेपर्यंत राहतो, वर्तमानपत्र जाड अंथरा.

भट्टीवाला

उकळण्यानं टेंपरला धक्का नाही, शंभर अंशांच्या वर पाणी जाणारच नाही. कुणी विचारायच्या आत सांगितलं.

आणि आणखी एक, यूट्यूबवर कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट उकळून पातं काळं करायचं हॉट ब्लूइंग दाखवतात. ते १४० अंशांच्या आसपास उकळणारं कॉस्टिक आहे, पाण्याचा थेंब पडला तर उसळतं. घरात अजिबात नाही.

भटक्या_वेल्हा

सोलून झाल्यावर तो घेऊन राजगडावर जाणार असाल तर दोन ओळी. शस्त्र नियम २०१६ मध्ये परवान्याच्या यादीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आणि घरगुती-शेतकी कामाची अवजारं त्यातून वगळली आहेत. सव्वापाच इंच त्यात बसत नाही. पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. पोलीस आयुक्तालयाकडून सण-निवडणुकांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रं बाळगून फिरायला मनाई करणारे आदेश निघतात, त्यात चाकूही येतात. नाक्यावर सॅक उघडायला लावली आणि कमरेला पट्ट्यात काळं म्यान दिसलं तर तिथं इंच मोजत कुणी बसत नाही. म्यानात, कापडात गुंडाळून, सॅकच्या तळाशी, स्वयंपाकाच्या सामानात ठेवा. अभयारण्यात जाणार असाल तर नेऊच नका.

पेठकर

आणि चमकवलेला चाकू घेऊन स्टेटसला फोटो टाकू नका. रील्समध्ये हत्यार मिरवणाऱ्यांची पोलीस काय वरात काढतात ते पुण्यात सगळ्यांनी पाहिलंय.

रानवाटा

मंडळी, झालं. वृत्तांत देतो.

डायक्लोरोमिथेन नसलेला रिमूव्हर घेतला, परीक्षानळीबाईंचा आवाज कानात होता. गच्चीवर लावला, दुधाच्या पिशव्या गुंडाळून रात्रभर ठेवला. सकाळी पिशवी काढली तर पाठीवरचा थर तापल्या दुधावरच्या सायीसारखा सुरकुतून वर आला होता. जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डानं ओढला की पट्टीच्या पट्टी निघत होती. अडलं ते मुठीजवळच्या वळणात आणि खाचांत. तिथं पुन्हा एक हात रिमूव्हर आणि मग पितळी ब्रश.

खाली निघालं ते अगदी हातघाशांनी सांगितलं तसं. करडं, आडव्या रेघा, आणि उजव्या बाजूला टोकाजवळ नखाएवढा खोलगट भाग, जिथं पेपर टेकतच नव्हता. तो पूर्ण सपाट करायचा तर सगळ्या पात्यावरून पोलाद उतरवावं लागलं असतं. तसाच ठेवला. ४०० वर थांबलो. मग कैरीच्या फोडींनी पॅटिना, फोडणीताईंच्या सासूबाईंना नमस्कार सांगा. टोकाकडं निळसर, पोटाशी जांभळट करडा आलाय. आणि त्या खोलगट भागात, हातघाशा म्हणाले होते तो फिका ढग. डीकार्ब दिसतो म्हणजे नेमका कसा दिसतो ते आता कळलं.

कांदा आता चिकटत नाही. पण जाडी पाव इंचच राहिली, सफरचंद अजूनही कापण्याआधी फाटतं. त्याला काही इलाज?

हातघाशा

तो पात्याच्या बांध्याचा प्रश्न, फिनिशचा नाही. बीके-२ लाकडासाठी आहे, सफरचंदासाठी दहा रुपयांची सुरी घ्या. धार लावताना कोन फार बारीक करू नका, बाजूला साधारण वीस अंश ठेवा, नाहीतर पहिल्या गाठीला कपची उडेल. ढग राहू द्या.

फोडणी

तेल कुठलं लावताय? आम्ही विळीला गोडंतेल लावतो, पण महिनाभर पडून राहिली तर चिकट होते.

परीक्षानळी

तेच. शेंगदाणा, सूर्यफूल वगैरे तेलं हवेनं घट्ट, चिकट होतात. खोबरेल त्या मानानं टिकतं, पण डिसेंबरात गोठतं. चाकूनं खायचं कापणार असाल तर औषधाच्या दुकानातून लिक्विड पॅराफिन आणा. ते बिघडत नाही, वास नाही. बद्धकोष्ठावरचं औषध म्हणून विकलं जातं, त्यामुळं दुकानदारानं सहानुभूतीनं पाहिलं तर मनाला लावून घेऊ नका. पावसाळ्यात वापर झाला की पुसून, वाळवून एक पातळ हात. थबथबून नाही.

रिमूव्हरची साल आणि पुसलेली कापडं कुठं टाकली? ओल्या-सुक्यात नाही ना?

रानवाटा

रंगाच्या रिकाम्या डब्यात झाकण लावून ठेवलंय.

परीक्षानळी

बरोबर. गच्चीवर झाकण उघडं ठेवून पूर्ण वाळू द्या, मग वेगळी पिशवी करून वर लिहून कचरावेचक ताईंच्या हातात द्या आणि काय आहे ते तोंडानं सांगा. रंगाचे डबे, रसायनं हा घातक कचरा, नियमानुसार तो वेगळाच द्यायचा असतो. फेरिक क्लोराइडवाल्यांनी सोडा टाकून फसफस थांबेपर्यंत त्यातलं आम्ल मारायचं, गाळ खाली बसू द्यायचा, वाळवून असंच द्यायचं. मोरीत ओतलंत तर जाळी आणि लोखंडी पाइप खाऊन टाकेल.

भट्टीवाला

म्यानाचं कुणी विचारलं नाही. पावडर कोट एका बाजूला साठ-ऐंशी मायक्रॉनचा असतो. दोन्ही बाजू धरल्या तर पातं दीडेक दशांश मिलिमीटरनं बारीक झालं, वर घासलं ते वेगळं. प्लॅस्टिकच्या म्यानात आता किंचित खुळखुळेल. चालेल, पण आतली वाळू-माती आधी धुऊन काढा, नाहीतर चार दिवसांत साटिनवर रेघोट्या. आणि हौसेनं चामड्याचं म्यान शिवून घेतलंत तर फिरायला तेच घ्या, पण घरी चाकू त्यात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेली द्रव्यं त्यात असतात. महिन्याभरानं काढाल तर शिवणीच्या रेषेत गंज सापडेल.

नवखा_नारायण

वाचून फार उपयोग झाला. माझ्याकडं मोरा कंपनीचा काळा बुशक्राफ्ट चाकू आहे, कार्बन स्टीलचा. त्याचंही कोटिंग ओरखडलंय. रिमूव्हर बोहरी आळीतून आणलाच आहे, या रविवारी बसतो.

भट्टीवाला

बसू नका! त्याच्यावर डीएलसी आहे, रिमूव्हर त्याला काही करणार नाही. आणि मोराची मूठ ओतलेली असते, स्क्रू नाहीत, काढता येत नाही. पात्यावर काही होणार नाही आणि रबराची मूठ मात्र हातात चिकट गोळा होऊन येईल. ओरखडे राहू द्या, तिथं तेल लावा.

पेठकर

रिमूव्हर परत घेतात का ते विचारू नका. पाटी लावलेली असते.